झाविया किती अंशांची?

दही आणायला खाली उतरले तर जिन्याच्या तोंडाशी सात-आठ पुरुष तळहातावर फोन आडवे धरून उभे होते, नुकती भट्टीतून काढलेली भाकरी हातावर धरावी तसे. सगळे आपापल्या फोनकडे बघत जागच्या जागी हळूहळू फिरत होते. मधोमध हैसम होता. आमच्याच इमारतीत त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे; वय तिशीचं, दाढी नीट कोरलेली, आणि स्वतःच्या हुशारीवर तो स्वतःच खूश. मला पाहून त्याने वाट दिली नाही. तो म्हणाला, "तेवीस. सगळ्यांचं तेवीसच येतंय ना?" सगळ्यांनी माना हलवल्या. तेवीस हा आकडा अडतीस वर्षं फक्त माझ्या डोक्यात राहत होता. त्याला तिथून बाहेर पडायचं काहीही कारण नव्हतं. आणि आता तो भर सकाळी, दह्याच्या वेळेला, आमच्या गल्लीत आठ फोनांवर उभा होता. मी म्हटलं, बाजूला व्हा, मला जायचंय. गेले, दही आणलं. परत आले तोवर ते सगळे आत शिरून नमाजाच्या खोलीच्या भिंतीला फोन लावून बघत होते, आणि हैसम सांगत होता की किबला, म्हणजे मक्केची दिशा, इकडे नाहीच, तिकडे डावीकडे आहे, इतकी वर्षं आपण सगळे भलतीकडे तोंड करून उभे राहतोय.

आमच्या अरबीत कोनाला झाविया म्हणतात, आणि इमारतीच्या पोटात असते तसल्या छोट्या नमाजखोलीलाही झावियाच म्हणतात. या एका शब्दाने माझी आयुष्यभर खोडी काढली आहे. मी चोवीस वर्षांची होते, नकाशे काढायचा डिप्लोमा घेऊन हाजी दसूकीच्या कचेरीत नुकती लागले होते. हाजी दसूकी म्हणजे ही इमारत बांधणारा कंत्राटदार. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, तळमजल्यावर एक झाविया टाक. मी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "किती अंशांची?" अख्खी कचेरी हसली. चहावाला ट्रे खाली ठेवून हसला. हाजी दसूकी पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून सांगायचा, ही बघा, अल्लाच्या घराचे अंश विचारणारी. संध्याकाळी मी रडत घरी गेले आणि बाबांना सांगितलं, तर बाबाही डोळे पुसेपर्यंत हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोस्टाच्या कचेरीत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. बाबांना माझी फजितीसुद्धा मिरवायला आवडायची. पुढे आम्ही याच इमारतीत राहायला आलो तेव्हा गल्लीतले म्हातारे मला नावाने हाक मारायच्या ऐवजी विचारायचे, काय अफकार, किती अंशांची? मी हसायचे. मला उत्तर ठाऊक होतं.

त्या काळी इमारतीखाली झाविया असली की करात सूट मिळायची, म्हणून कैरोच्या या फैसल रस्त्यावर दर तिसऱ्या इमारतीखाली एक आहे. कोणी जिन्याखाली काढली, कोणी गॅरेजात, कोणी पाण्याच्या टाकीशेजारी. अल्लाला इतक्या दाटीवाटीत बसवलेलं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही, आणि मला त्याचा वैताग आहे, हे मी लपवत नाही. पाच वेळा पाच बाजूंनी पाच कर्णे सुरू होतात, एक दुसऱ्याच्या अर्धा शब्द मागे. आमचा कर्णा तर माझ्या झोपायच्या खिडकीखाली हातभर अंतरावर आहे. त्यातून इतकी वर्षं शहाताकाकांचा आवाज यायचा. शहाताकाका म्हणजे मागच्या गल्लीतले इस्त्रीवाले. कोणी नेमलेले नाहीत, आपणहून अजान द्यायचे. अजानेआधी ते कर्ण्यात दोनदा खोकायचे. ते दोन खोकले ऐकून मी अडतीस वर्षं रोज चरफडले असेन. बाबांना मी म्हणायचे, त्यांना सांगा ना, आधी खोका आणि मग बटण दाबा. बाबा म्हणायचे, अगं, त्या खोकल्यानेच तर मला कळतं की आता उठायचं.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर खाली भांडण झालं. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. या घरात न ऐकायची सोय नाही. कोणी म्हणालं, हाजी दसूकीने फसवलं. दसूकी मरून बारा वर्षं झाली, मेलेल्याशी भांडायला मजा येत नाही. मग कोणाला तरी आठवलं की पहिल्या दिवशी चटया घालताना दोरी शहाताने धरली होती. खरंच धरली होती; भिंतीतल्या इमामाच्या कोनाड्यापासून दारापर्यंत सुतळी ताणून त्यांनी पहिली रांग आखली होती. हैसम म्हणाला, "इस्त्रीवाल्याला दिशा काय कळणार? सदऱ्याची घडी आणि किबला एकच का?" दोघं-तिघं हसले. मी वाट बघत होते की काका काहीतरी बोलतील, निदान तोंडावर उत्तर देतील. ते जुन्या पिढीतले सईदी, दक्षिणेकडच्या इजिप्तमधले. त्यांची जीभ काही साधी नाही. शेवटी त्यांचा आवाज आला, "माझंच चुकलं असेल." बस, एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. पहाटे खोकला आला नाही. हैसमने फोनवरची अजान लावली, कुठल्या तरी दूरदेशीच्या गोड गळ्याची, आणि मी डोळे उघडे ठेवून त्या दोन खोकल्यांची वाट बघत पडून राहिले. मला माझाच राग आला.

पाच दिवस हे असं चाललं. शेवटी धर्मखात्याचा एक शेख येऊन गेला. सभ्य माणूस होता, जिन्यात मला आधी सलाम केला. त्याने फोनबिन काढला नाही, दारात उभं राहून शांतपणे सगळ्यांना सांगितलं की मागचे नमाज वाया गेलेले नाहीत, फिरून पढायची गरज नाही. ज्याला ठाऊक नव्हतं आणि ज्याच्या मनात खोट नव्हती त्याचा नमाज कबूल. पुढे रांगा वळवून घ्या, झालं. सगळे खूश झाले. हैसमने गालिचे वळवायचं काम अंगावर घेतलं. जिन्यात उभी राहून मी ऐकत होते आणि त्याच एका वाक्यात अडकले होते. ज्याच्या मनात खोट नव्हती. बाकीच्या सगळ्यांची त्याने सुटका केली आणि मी तिथेच राहिले. खोट होती ती माझ्या मनात, आणि मनात कसली, माझ्या हातात. शाईत, कागदावर, सही करून.

हाजी दसूकीने जागा दिली ती इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून. मी कोन मोजला. इमारत रस्त्याला धरून उभी होती, आणि रस्ता काही किबला विचारून काढलेला नव्हता. मागची भिंत तेवीस अंशांनी चुकत होती. मी दोन रात्री जागून खोली तिरकी बसवली, रांगा तिरक्या आखल्या, कोनाडा कोपऱ्याकडे नेला, आणि बायकांसाठी मागे एक छोटा चौकोन काढून त्यात सुवाच्य अक्षरात ‘बायका’ असं लिहिलं. त्या चौकोनाचा मला फार अभिमान होता. हाजी दसूकीने कागद बघितला. तिरक्या खोलीने रस्त्यावरच्या दोन दुकानांपैकी एक खाल्लं होतं. त्याने माझीच पेन्सिल घेतली, आधी ‘बायका’वर काट मारली, मग खोली सरळ केली आणि म्हणाला, "अल्ला सगळीकडे आहे, इंजिनीयरबाई. दुकानाला मात्र तोंड रस्त्याकडेच लागतं. मंजुरीचं तेवढं सांभाळून घे." मी इंजिनीयर नव्हते. मला इंजिनीयरबाई म्हणणारा तो पहिला माणूस. सांभाळून कसं घ्यायचं ते त्याने सांगितलं नाही, ते मला सुचलं. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण असतो. मी ब्लेड घेतलं, ट्रेसिंग कागदावरचा तो बाण हलक्या हाताने खरवडून काढला, जागा नखाने घासून गुळगुळीत केली आणि तेवीस अंश फिरवून नवा बाण काढला. कागदावर भिंत आपोआप किबल्याकडे झाली. खरवडलेल्या जागी शाई थोडी फुटली, बाणाच्या टोकाला बारीक केस आल्यासारखे दिसत होते. नकाशाच्या प्रती काढायच्या यंत्रातल्या अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते आणि मला वाटत होतं, आता मंजुरीचा कारकून विचारणार की हे काय. त्याने काही विचारलं नाही. ज्या रस्त्याने तो रोज घरी जात असेल तो रस्ता माझ्या कागदावर भलतीकडे चालला होता, आणि त्याने शिक्का मारला.

भीती वाटली म्हणून केलं असं म्हणता येईल, नोकरी नवी होती असंही म्हणता येईल. खरं सांगायचं तर मला ते जमलं याचा त्या दिवशी आनंद झाला होता. लाज नंतर आली, आणि आली ती बाबांच्यामुळे. झाविया उघडली तो दिवस हिवाळ्यातला होता. बाबा दारात सरबताचा ट्रे घेऊन उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला, ओळखीच्या, अनोळखी, सांगत होते, "ही माझ्या अफकारने काढली आहे. कागदावर सगळ्यात आधी हिनेच काढली." मी जिन्यात उभी. आत मला जागा नव्हती, बायकांचा तो चौकोन आता एका रंगाच्या दुकानात गेला होता. त्या दिवसापासून आजतागायत मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. सहा मीटर चाळीस बाय नऊ. मला ती इंच न् इंच पाठ आहे आणि मी ती पाहिलेली नाही. बाबा मात्र रोज जायचे, एकोणीस वर्षं, पहिल्या रांगेत, शहाताकाकांच्या डाव्या हाताला. वर आले की तक्रार ठरलेली: हा शहाता वाकडा उभा राहतो, वाकला की त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आपटतं, सांगितलं तर म्हणतो गुडघा दुखतो. गल्लीत सगळेच काकांची चेष्टा करायचे. इमाम रांगा सरळ करा म्हणाला की कोणीतरी हळूच म्हणायचं, शहाता सोडून.

आणि मी? मी वर, त्याच भिंतींच्या आत, बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर राहते. नमाजाची मला फार ओढ कधी नव्हती. आई गेली तेव्हा सुरू केला, मग सुटला, मग पुन्हा धरला. पण चटई घालायची वेळ आली की मला ती भिंतीला धरून घालवेना. मी माझ्या खोलीत चटई तेवीस अंश वळवून घालायचे, डोळ्यांनी, कोनमापकाशिवाय, आणि ती बरोबर पडायची. एकदा बाबा दारात आले. मी उठत होते. ते म्हणाले, "चटई वाकडी का गं?" मी म्हटलं, "पलंग आड येतो." पलंग दुसऱ्या भिंतीला होता. बाबांनी पलंगाकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं. आमच्या फरशा चौकोनी आहेत, काळ्या-पांढऱ्या, आणि चटईची कड त्यांना तिरकी कापून गेली होती. ते चष्मा शोधायला आले होते, चष्मा घेऊन गेले. त्यानंतर केव्हातरी त्यांचा गुडघा सुरू झाला. उजवा. मी मलम चोळलं, पट्टा आणला, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने फोटो काढून प्रकाशासमोर धरला आणि म्हणाला, या वयात इतका चांगला गुडघा मी पाहिला नाही. मी रस्त्यात बाबांवर चिडले, म्हटलं, लहान मुलासारखं काय करता, अर्धा दिवस गेला माझा. बाबा म्हणाले, दुखतो गं, खाली गेलं की दुखतो. वर कधी दुखायचा नाही. हे सगळं मला तेव्हा दिसत होतं आणि मी त्याचं काहीही केलं नाही. दोन वर्षांनी ते गेले, आणि त्यांचा जनाजाही खालीच ठेवला, त्याच भिंतीकडे तोंड करून.

सहाव्या दिवशी दुपारी मी शहाताकाकांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक टेबल, एक इस्त्री, आणि मागे पडद्याआड त्यांची खाट. ऐंशी वर्षांचा माणूस, पण गल्लीला सदरा अजून त्यांच्याच हातचा लागतो. तोंडात पाणी धरून ते कापडावर फवारत होते. मी बसले नाही. वाटेत दहा वेळा म्हणून ठेवलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं, की तो नकाशा माझा होता.

"गल्लीला ठाऊक आहे ते," काका म्हणाले. "तुझ्या बापाने सांगायचं कोणाला ठेवलं होतं?"

"तसं नाही. वाकडं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी कागदावर उत्तर फिरवली. तुमच्या दोरीचा काही संबंध नाही. मी आज खाली जाऊन सांगणार आहे."

त्यांनी बाही उलटली, दुसरी बाजू दाबली. मग म्हणाले, "अंशबिंश मला कळत नाहीत. पण वाकडं आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी इस्त्रीने दाराबाहेर दाखवलं. हिवाळ्यात सूर्य त्या टाकीच्या मागून निघतो, किबला त्याच्या थोडा उजवीकडे. आणि झावियाची भिंत तर आणखी उजवीकडे, दक्षिणेकडे पळाली होती. "तुम्ही कैरोवाले आम्हा सईदींवर विनोद करता, खुशाल करा. पण सूर्य कुठे उगवतो ते आम्हाला शिकवू नका."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच आलो होतो. दारात तुझा बाप उभा. हातात सरबत. म्हणाला, शहाता, बघ, माझ्या पोरीने काढलंय. मी सरबत प्यालो. त्यानंतर काय बोलणार? दोरी दिली हातात, ती धरली."

"आणि अडतीस वर्षं?"

"अडतीस वर्षं जरासा वळून उभा राहिलो. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचं भागत होतं. मला ठाऊक होतं, मला वळावंच लागलं. तुझा बाप विचारायचा, वाकडा का उभा राहतोस रे. मी सांगायचो, गुडघा." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "मग शेवटची दोन वर्षं त्याचाही गुडघा दुखायला लागला. माझ्याइतकाच वळायचा. तेव्हापासून माझं डोकं त्याच्या खांद्यावर आपटायचं थांबलं."

मी म्हणाले, "ते काही बोलले?"

"नाही. मीही विचारलं नाही. दोन म्हातारे, दोन गुडघे. कोण काय विचारणार?"

खरंच, शेवटची दोन वर्षं बाबांनी शहाताकाकांच्या डोक्याची तक्रार केली नव्हती. मला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस मवाळ होतो. काळ्या-पांढऱ्या फरशा माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि त्यांच्यावरची माझी चटई, आणि चष्मा शोधत वाकलेले बाबा. त्यांनी माझ्या चटईवरून किबला घेतला होता. घरात वर माझ्याकडून शिकायचं आणि खाली जाऊन गुडघ्याच्या नावाने पाळायचं, आणि मला एका शब्दाने कळू द्यायचं नाही. उलट मी रस्त्यात ओरडले ते ऐकून घ्यायचं. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. इतका संताप मला हाजी दसूकीचाही आला नव्हता. मी इतकी वर्षं रोज पाच वेळा त्या कर्ण्याच्या वर चोरासारखी बसले, सणाला खाली उतरले नाही, कोणाच्या फातिहाला उभी राहिले नाही, आणि या दोघांनी आपसात, न बोलता, माझी चूक वाटून घेतली होती आणि मला तेवढी बाहेर ठेवली होती. चांगुलपणाने ठेवली होती. त्याचाच जास्त राग आला.

काका म्हणाले, "खाली काही बोलू नकोस. मला दोष दिला तर माझी काय इस्त्री मोडते? त्याचं नाव राहू दे. पोरीचं कौतुक करून करून मेला तो."

"काका, पुरे झालं तुम्हा सगळ्यांचं मला सांभाळणं," मी म्हटलं. "सदरा घाला आणि चला. असरच्या नमाजाची वेळ होतेय."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण दोन पावलं अंतर ठेवून ते मागून आले. खाली नवे गालिचे अंथरून झाले होते, हिरवे, त्यांच्यावर तिरक्या लाल पट्ट्या. डिंकाचा आणि पायांचा वास येत होता. मी उंबऱ्यावर चपला काढल्या आणि आत गेले. खोली मला वाटलं होतं त्याहून लहान निघाली. कागदावर ती मोठी होती. छताला एक तुळई होती ती मीच काढलेली, आणि कोनाड्याचा रंग दोन ठिकाणी उडाला होता. बारा-तेरा पुरुष होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आता हिला कोण सांगणार म्हणून. मी त्यांना सांगू दिलं नाही. मी म्हणाले की ही खोली मी काढली, चुकून वाकडी झालेली नाही, मला ठाऊक असताना झाली आहे, आणि मंजुरी मिळावी म्हणून मी नकाशावर उत्तर दिशा तेवीस अंश सरकवली होती.

हैसमच्या हातात अजून फोन होता. तो म्हणाला, "उत्तर सरकवली? उत्तर कशी सरकवणार?"

"ब्लेडने," मी म्हणाले.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ, बाबांच्या पोस्टातले, हळू आवाजात म्हणाले, मग शहाताचा दोष नाही म्हणायचा. मी म्हटलं, नाही. या खोलीत पहिल्या दिवसापासून बरोबर उभा राहिलेला एकच माणूस होता आणि तुम्ही सगळे त्यालाच वाकडा म्हणत होतात. हे बोलून मी थांबले, आणि मग मला राहवलं नाही. "नाही, दोन," मी म्हणाले. दुसरा कोण ते कोणी विचारलं नाही. पोस्टातल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचाच उजवा गुडघा नुसता चाचपला. त्यांना काय आठवलं ते मला कळलं.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कोणी ओरडेल, कोणी थुंकेल, निदान कोणी शेखला फोन लावेल. काही झालं नाही. वेळ होत आली होती आणि पुरुषांना वेळेची घाई असते. शेख म्हणून गेलाय ना, कबूल आहेत, असं कोणीतरी पुटपुटलं. अडतीस वर्षांचं माझं पाप त्यांनी पाच मिनिटांत घडी करून बाजूला ठेवलं, यानेही मी वैतागले. मग माझं लक्ष मागे गेलं. रांगा तिरक्या झाल्यामुळे मागच्या कोपऱ्यात, दारापाशी, एक त्रिकोण उरला होता. कोणतीही रांग तिथे बसत नव्हती. हैसमने तिथे चपलांची फळी ठेवली होती.

"ही जागा कोणाची?" मी विचारलं.

"कोणाचीच नाही. उरलेली आहे," तो म्हणाला.

"मग फळी बाहेर ने. मी इथे उभी राहते."

तो इतरांकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्या हिशेबाने इथे बायकांची जागा होती, आणि ती कोणी खोडली तेही मला ठाऊक आहे. फळी नेतोस की मी नेऊ? पोस्टातले गृहस्थ म्हणाले, ने रे बाबा, ने. त्याने फळी नेली. जाताना पुटपुटला की या म्हातारीचा काही भरवसा नाही. बासष्ट वर्षांच्या बाईला म्हातारी म्हणणाऱ्याला मी एरवी सोडलं नसतं.

शहाताकाका तोवर उंबऱ्याबाहेरच होते. कर्ण्याचं बटण दाबायला हैसम वळला तेव्हा ते आत आले, त्याच्या हातून तो भोंग्याचा माईक काढून घेतला आणि दोनदा खोकले. मग अजान दिली. मी ती पहिल्यांदाच खिडकीशिवाय ऐकली. रांगा लागल्या. काका आपल्या जागी, पहिल्या रांगेत. त्यांच्या डाव्या हाताला, बाबांच्या जागी, हैसम. इमाम रांगा सरळ करा म्हणाला, आणि सगळे लाल पट्टीवर टाचा लावून सरळ झाले. शहाताकाकाही पट्टीवर उभे राहिले. आणि मग, अडतीस वर्षांच्या सवयीने, उजवा पाय पुढे घेऊन ते पुन्हा जरासे डावीकडे वळले.

हैसम दबक्या आवाजात म्हणाला, "काका, आता गालिचाच बरोबर आहे. तुम्ही वळू नका."

"गुडघा आहे रे," शहाताकाका म्हणाले.

हैसम अर्धं पाऊल सरकला आणि त्याने त्यांना जागा करून दिली. मी माझ्या त्रिकोणात उभी राहिले. इथे पलंग आड येत नव्हता.